न संपलेली ओव्हर

आमच्या सोसायटीत दरवर्षी विंगांमध्ये बॉक्स क्रिकेटचे सामने होतात. त्यात एक नियम आहे. संघात जितके खेळाडू तितक्या ओव्हर, आणि प्रत्येकाने एक ओव्हर टाकायचीच. हा नियम मी आणला. मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून आणला आणि तो बरोबर होता असं माझं आजही मत आहे. बी विंगकडे दोन चांगले बॉलर होते. त्या दोघांनीच सगळ्या ओव्हर वाटून घेतल्या होत्या आणि आमच्या ए विंगला पार धुऊन काढलं होतं. मी म्हटलं, हे चालणार नाही, वर्गणी सगळे भरतात तर बॉलिंगही सगळे करतील. समोरचा म्हणाला, "ज्याला येत नाही त्याने काय करायचं?" मी म्हटलं, "शिकायचं." मग त्यांनी ऐनवेळी बाहेरचा कुणी आणून घुसवू नये म्हणून मी दुसरंही कलम घालायला लावलं. एकदा नाव दिलं की खेळाडू बदलता येणार नाही. अपवाद एकच, डॉक्टरचं सर्टिफिकेट.

सौद्यात समोरच्याची एकेक वाट बंद करत जायची, ही माझी पद्धत. त्या मीटिंगमध्ये मी सगळ्या वाटा बंद केल्या. घरी येऊन पाटावर बसलो तेव्हा बायकोने वाढता वाढता विचारलं, "आणि तुमची ओव्हर कोण टाकणार?"

मला बॉलिंग येत नव्हती. कधी केलीच नव्हती. घाटावरून इकडे आलो तो भाईंदरच्या एका लादीच्या गोदामात खोकी उचलायला. दुपारच्या सुट्टीत गोदामातली मुलं फळीने खेळायची, त्यात मी आडवीतिडवी फळी फिरवायला शिकलो, आणि ताकद होती म्हणून बॉल लांब जायचा. बॉलिंग करायला जागा लागते, वेळ लागतो, टाकून बघायला कुणीतरी समोर लागतं. सुट्टी संपायची आणि आम्ही पुन्हा खोक्यांखाली. पुढे स्वतःचं लादीचं दुकान टाकलं, मीरा रोडला फ्लॅट घेतला, पण खेळ तेवढाच राहिला.

गेल्या वर्षी ती ओव्हर टाकली. म्हणजे टाकायला घेतली.

जवळच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या बाजूला एक टर्फ आहे, तिथे सामने होतात. चारी बाजूंनी जाळी, वरून जाळी, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत. जाळीला लागून बाहेर सगळी सोसायटी उभी. मी धावत आलो आणि बॉल सोडला, तो बॅट्समनच्या डोक्यावरून मागच्या जाळीत गेला. पुढचा माझ्याच पायाजवळ आपटला आणि घरंगळत बाजूला गेला. वाईड. परत वाईड. वाईड गेला की तो बॉल पुन्हा टाकायचा, त्यामुळे मी टाकतोय, टाकतोय आणि ओव्हर होती तिथेच. सुरुवातीला जाळीबाहेरचे हसत होते. मग हसायचे थांबले, आणि ते जास्त वाईट होतं. शेवटी मी चिडलो आणि हात कोपरातून वाकवून सरळ फेकला, ज्याला मुंबईत भट्टा म्हणतात. अंपायर सी विंगमधला तरुण होता. तो म्हणाला, "अंकल, हाथ सीधा." सरळ हाताने टाकला की वाईड, वाकड्या हाताने टाकला की नो बॉल. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. अंपायरने आमच्या कॅप्टनकडे पाहिलं, कॅप्टनने मान हलवली, आणि अंपायर म्हणाला, "चलो, ओव्हर मान लेते हैं."

धंद्यात मला लोक खूप काय काय बोललेत. पण माझं काम झालंय असं कुणाला मानून घ्यावं लागलं नव्हतं.

या वर्षी नावं द्यायची वेळ आली तेव्हा कॅप्टन दुकानात आला. तिसऱ्या मजल्यावर राहतो, बँकेत अधिकारी आहे, मुंबईतली जागा विकून इकडे आलेलं घर. सभ्य माणूस. सभ्य माणसांशी सौदा करणं सगळ्यात अवघड, कारण ते काय मागतायत ते सांगतच नाहीत.

"दादा, एक सुचवू का? राग मानू नका."

"राग येण्यासारखं असेल तर सुचवता कशाला?"

"तुमचा गुडघा दुखतो ना?"

"नाही."

"जिने चढताना वगैरे?"

"आपल्याकडे लिफ्ट आहे. ती कुणी बसवून घेतली ते तुम्हाला माहिती आहे."

तो जरा हसला. "माझा एक डॉक्टर मित्र आहे. सर्टिफिकेट मी आणतो, तुम्ही काही करू नका. तुम्ही बाहेर आमच्यासोबत बसा. म्हणजे सपोर्टला. तुमचा मान राहील आणि विंगचंही काम होईल."

माझा मान राहील. या इमारतीत माझा मान काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. सोफा घ्यायला जाताना मला गाडीत घालून नेतात. रंगाऱ्याशी बोलायचं असलं की मला खाली बोलावतात. कुणाच्या मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवायचा, केटरर घासाघीस करतोय, की माझा फोन वाजतो. काम झालं की "थँक यू हं" म्हणतात आणि लिफ्टचं दार लागतं. रविवारी सकाळी यांच्या गच्चीवर मिसळ असते, ती मला वासावरून कळते. त्या इमारतीत एकच जागा अशी होती जिथे माझ्याकडून कुणाला भाव कमी करून नको होता, आणि ती जागा म्हणजे हा संघ. माझ्या बॅटमुळे घेतलं होतं, पण घेतलं होतं. ती जागाही आता गुडघ्याच्या नावाने जाणार होती.

मी म्हटलं, "सर्टिफिकेट नको. मी ओव्हर टाकणार. पूर्ण टाकणार."

"आणि नाही झाली तर?"

"तर पुढे कधी नाव देणार नाही."

हे मी बोललो. त्याने मागितलं नव्हतं. समोरचा गप्प असताना स्वतःहून रक्कम वाढवायची नसते, हे मी दुकानातल्या पोरांना रोज सांगतो. रागात असलो की मला ते आठवत नाही.

बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "दादाकडे जा."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. हे लोक भाईंदरजवळच्या डोंगरीच्या अलीकडच्या गावातले, पिढ्यानपिढ्यांचे. पूर्वी भातशेती आणि मिठागर होतं, आता मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. तरुणपणी तो त्या पट्ट्यातला नाव घेण्यासारखा बॉलर होता. टेनिस बॉलच्या स्पर्धांना त्याला पालीपासून भाईंदरपर्यंत गाडी पाठवून न्यायचे. हे मला माहीत होतं. पण लग्नाच्या बैठकीत हा माणूस माझ्यासमोर, माझ्या काकांसमोर, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, "बाजारातला मानूस हाय. बायकोचा पन भाव करंल." सगळे हसले. माझे काकाही हसले. लग्न झालं, संसार झाला, त्याच्या घरच्या प्रत्येक कार्याला मी गेलो, पण त्याच्याशी कामापुरतं बोललो आणि त्याला कधी हाक मारली नाही. बोलावं लागलंच तर खोकायचो.

"दुसरा कुणी नाही का?" मी म्हटलं.

"आहे ना. सर्टिफिकेट."

रविवारी स्कूटर काढली आणि गेलो. त्याच्या घरामागे मोठं अंगण आहे. एका बाजूला खुर्च्यांच्या चळती, दुसरीकडे बांबू, लोखंडी पाइप, गुंडाळलेले कापडाचे तागे. तो मध्यभागी उभा राहून कालच्या लग्नातल्या झेंडूच्या माळा सोडवत होता.

"वाट चुकलात काय दाजी?"

मी खोकलो. मग कशासाठी आलो ते सांगितलं. बायकोने त्याला फोनवर आधीच सांगितलेलं होतं, पण त्याने सगळं माझ्या तोंडून पुन्हा वदवून घेतलं, वाईड किती गेले तेसुद्धा.

"बरं," मी म्हटलं, "काय घेणार ते आधी ठरवू."

"कशाचं?"

"शिकवायचं."

त्याने घराकडे तोंड करून वहिनीला हाक मारली. "अगो, ऐकलं का? दाजी भाव इचारतात." आतून वहिनीचं हसणं आलं. मग मला म्हणाला, "मी काय घेनार न्हाय. जेवून जायचं फक्त. दर येळेला."

इथेच मी अडकलो. आकडा सांगितला असता तर मी तो खाली आणला असता, दिला असता आणि मोकळा झालो असतो. जो काही मागतच नाही त्याच्यापुढे मला काही करता येत नाही.

त्याने टेनिसचा बॉल दिला आणि म्हणाला, "धर." मी धरला. त्याने माझी मूठ बघितली, उलटी करून बघितली, आणि बॉल काढून घ्यायला गेला तर त्याला ओढावा लागला.

"हे काय? लादीचा खोका धरलाय का?"

खोटं नव्हतं. लादीचं खोकं बोटांनी उचलत नाहीत. पूर्ण तळहात खाली घालायचा, बोटं आवळायची आणि उतरवेपर्यंत ढिली करायची नाहीत. निसटलं तर आतल्या लाद्या फुटतात आणि मालक पगारातून कापतो. माझे हात त्यातच तयार झालेत. त्याने झेंडूचं एक फूल माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्या वर बॉल, पण तळहातात नाही, बोटांत. पहिली दोन बोटं बॉलवर, मध्ये थोडं अंतर ठेवून. अंगठा खालून नुसता टेकलेला. बाकीची दोन बोटं बाजूला दुमडलेली. तळहात आणि बॉल यांच्यामध्ये फट राहिली पाहिजे.

"आता हात वर ने आनि फिरव. फूल खाली पडलं पायजे. अडकलं तर तू बॉल हातात दाबलायस."

बॉल हातात असेपर्यंत मी त्याचा 'तू' होतो. चहा आला की पुन्हा 'तुम्ही' व्हायचो. त्याच्या लक्षातही येत नसावं. माझ्या यायचं.

माझं फूल पडलं नाही. चुरा होऊन तळहाताला चिकटलं. दुसरंही तसंच. टोपलीभर झेंडू चुरगाळला, हात पिवळा झाला, आणि तो बाजूला खुर्चीवर बसून "पुढचा" एवढंच म्हणत होता. जेवायला बसलो तेव्हा भाकरीला झेंडूचा वास येत होता. वहिनी म्हणाल्या, "हळद लागली वाटतं पुन्हा." मी हसलो नाही.

पुढच्या खेपेला फूल पडायला लागलं. घरी, दुकानात, हिशेब करतानासुद्धा माझ्या हातात बॉल असायचा. गिऱ्हाईक बाथरूमच्या लाद्या बघत असायचं आणि मी टेबलाखाली बॉल दोन बोटांनी वर उडवून दोन बोटांनी झेलायचो. बॉल बोटांत राहायला लागला तसा पहिल्यांदाच तो हातातून बाहेर जाताना कळायला लागला. आधी तो जायचा एवढंच माहीत होतं, कुठून गेला ते नाही.

मग त्याने मंडपाच्या पाइपाला आडवी झालर बांधली, माझ्या डोक्याच्या वर हातभर. "हात कानाजवळून सरळ वर जाऊ दे. बोटं झालरीला लागली की सोड. आधी सोडलास तर बॉल वर जाईल, मागनं सोडलास तर पायात मारशील." सांगायला सोपं होतं. पण माझा हात कानाजवळून जायचाच नाही. कोपरात वाकायचा आणि बाजूने यायचा. त्याने दोनचार वेळा सांगितलं, मग उठला, बांबूची एक कामटी घेतली, माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लावली आणि खांद्यापासून मनगटापर्यंत सुतळीने हात बांधून टाकला.

"आता वाकव."

वाकत नव्हता. असा हात घेऊन मी त्या अंगणात पवनचक्कीसारखा फिरत होतो. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायला लागली. एक म्हातारा कुंपणाला टेकून म्हणाला, "काय रं, हात मोडला काय पाव्हन्याचा?" हा म्हणाला, "न्हाय, सरळ करतोय."

मग मी चुकलो की तो हसायला लागला. एकदा हसला, दोनदा हसला, आणि मला बैठकीतला हशा ऐकू आला, तोच. मी बॉल जमिनीवर आपटला, "बस झालं" म्हणालो आणि तरातरा बाहेर रस्त्यावर स्कूटरपाशी गेलो.

किल्ली उजव्या खिशात होती. बांधलेला हात खिशात जाईना. डावा हात वळवून कशीबशी किल्ली काढली, लावली, पण ज्या हाताने ॲक्सिलरेटर पिळायचा तो हात काठीसारखा ताठ. सुतळीच्या गाठी सोडवायला गेलो. मंडपवाल्याने मारलेली गाठ एका हाताने सुटत नाही. दाताने ओढून बघितली. तो म्हातारा अजून कुंपणाला टेकून बघतच होता. बस पकडून जावं म्हटलं, तर असा हात घेऊन बसमध्ये कसा चढणार आणि मीरा रोडला उतरून कुणाला काय सांगणार? ऊन डोक्यावर आलं होतं. मी परत आत गेलो.

तो खुर्चीवर तसाच बसला होता. "जेवायची वेळ झालीच होती," म्हणाला.

"गाठ सोडा."

"सोडतो. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच म्हटलं, "बैठकीत तुम्ही काय बोलला होता ते आठवतंय?"

"आठवतंय की."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल.

"खोटं बोललो का?" तो म्हणाला. "बैठकीच्या आदल्या दिवशी भाईंदरच्या ऑफिसात बसून तुम्ही लग्नाच्या मंडपाचा भाव पाडून घेतलात. माझ्या मानसाला म्हनालात, तुमच्या मालकाला गरज हाय, मला न्हाय, मला धा मंडपवाले मिळतील. मालक कोन होता? नवरीचा भाऊ. मी."

ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. समोर त्याचा माणूस बसला होता, पाटीवर दुसरंच नाव होतं. मी म्हटलं, "दर जास्तच होता."

"जास्त व्हता," तो म्हणाला. "घाटावरचा नवरा म्हनून जास्तच लावला व्हता."

वहिनी दारात ताटं घेऊन उभ्या होत्या. त्याने गाठी सोडल्या नाहीत. मी डाव्या हाताने जेवलो, बोंबलाचे काटे डाव्या हाताने काढले, आणि जेवण झाल्यावर बांधलेल्या हाताने पुन्हा टाकायला लागलो. त्याने माफी मागितली नाही आणि मी तर मागणार नव्हतोच. पण निदान हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून झाला होता.

हात सरळ व्हायला लागला, झालर हलायला लागली, तरी बॉल जायचा भलतीकडेच. आणि जास्त करून वर, तोंडाच्या उंचीला. शेवटी स्टंप म्हणून रोवलेल्या बांबूपुढे तो स्वतः बॅट घेऊन उभा राहिला. मी टाकला, तो त्याच्या नाकासमोरून गेला. पुन्हा टाकला, पुन्हा तिथेच.

"तू बघतोस कुठं?"

"समोर."

"समोर कुठं?"

त्याने पुन्हा टाकायला लावलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग बॅट खाली ठेवली.

"तू माझ्या तोंडाकडं बघतोस."

बरोबर होतं. मी आयुष्यभर तेच करत आलोय. भाव करताना मालाकडे बघायचं नसतं. मालाकडे बघितलं की आपल्याला तो हवाय हे समोरच्याला कळतं. मी माणसाच्या तोंडाकडे बघतो, पापणी कधी हलते, ओठ कधी आवळतात, त्यावर मला कळतं की हा कुठवर खाली येईल. समोर माणूस उभा राहिला की माझी नजर तिथेच जाते. बॅट्समन उभा राहिला की मी त्याला वाचायला लागायचो, आणि हात बिचारा डोळे सांगतील तिकडे बॉल पाठवायचा.

"बांबूच्या बुडाला बघ," तो म्हणाला. "मी हाय का न्हाय ते इसर."

तो आहे हे विसरणं मला त्या घरात कधी जमलं नव्हतं. मी बांबूच्या बुडाकडे बघायला लागलो. तो समोर उभा राहून मुद्दाम बोलायचा, "काय दाजी, लाद्या खपतात का", "दुकान चालतं का नुसतं उघडं असतं", आणि मला वर बघायचं नसायचं. ज्या ज्या वेळी बघितलं नाही त्या त्या वेळी बॉल बांबूच्या आसपास पडला.

सामन्याच्या दिवशी त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बायकोबरोबर तो जाळीबाहेर दिसला तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. तिने दुसरीकडे बघितलं.

आमची बॉलिंग सुरू झाली. कॅप्टनने मला मधली ओव्हर दिली, म्हणजे नुकसान झालं तरी पुढे भरून काढता येईल. ते मला कळलं. बॉल हातात आला. समोर बी विंगचा एक पोरगेला इंजिनियर होता, गेल्या वर्षी त्यानेच माझे वाईड जाताना बॅट काखेत धरून वाट बघितली होती. तो हसतोय का ते बघायची मला फार इच्छा झाली. मी स्टंपच्या बुडाकडे बघितलं आणि धावत आलो.

पहिला बॉल वाईड गेला. जाळीबाहेर कुणीतरी "झालं सुरू" म्हणालं. माझी बोटं आपोआप आवळली गेली, तळहात बॉलला चिकटला. मी थांबलो. बॉल डाव्या हातात घेतला, पुन्हा उजव्यात घेतला, दोन बोटांत. पुढचा बॉल स्टंपच्या दिशेने गेला आणि त्याने तो जोरात मारला. बॉल जाळीवर आदळला. धावा गेल्या, पण बॉल मोजला गेला. त्यानंतरचा उशिरा सुटला, अर्ध्यात आपटला, तरी सरळ गेला. तोही मोजला गेला. मग एक अगदी काठावरून गेला आणि अंपायरने हात पसरले.

"तो वाईड नव्हता," मी म्हटलं.

"अंकल, था."

"लाइन बघ ना तू. बॅट पोचत होती त्याची."

"अंकल, डालो ना."

माझा आवाज चढायला लागला होता. नियम कुणी लिहिले ते मी त्याला सांगणार होतो. एवढ्यात जाळीबाहेरून आवाज आला, सगळ्या टर्फला ऐकू जाईल असा. "दाजी, तिथं भाव न्हाय करायचा. टाका."

लोक हसले. माझ्या डोक्यात सणक गेली. मागे वळून त्याला काय बोलायचं ते तोंडात तयार होतं. पण ओव्हर चालू होती, आणि आत येऊन मला सोडवणारं कुणी नव्हतं. मी वळलो नाही. टाकला. सरळ पडला. मग दुसरा, तिसरा. मग आणखी एक, तोही त्याने मारला आणि मला कुठे गेला ते बघायचं भान राहिलं नाही, कारण मी अंपायरकडे बघत होतो. त्याने खिशातल्या खड्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "ओव्हर."

फक्त तेवढंच म्हणाला. मानून वगैरे घेतलं नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. धावा पुष्कळ गेल्या होत्या. मी बॉल हातात घेऊन तिथेच उभा राहिलो, कारण ओव्हर झाल्यावर कुठे जायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. मागच्या वर्षी मी सरळ बाहेर गेलो होतो. कॅप्टनने माझ्याकडून बॉल घेतला, पुढच्याला दिला आणि माझ्याकडे न बघता, जसं बाकीच्यांना सांगत होता तसं, म्हणाला, "दादा, त्या कोपऱ्यात. आणि कॅच सोडू नका."

मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. पाठीला जाळी, डाव्या खांद्याला जाळी. बायकोचा भाऊ बाहेरून फिरून बरोबर त्याच कोपऱ्यात आला आणि जाळीत बोटं अडकवून माझ्या मानेच्या मागे उभा राहिला.

"तिसरा उशिरा सोडलास."

"मॅच चालू आहे."

"मग मी काय आत आलोय?" तो म्हणाला. "आनि पाचव्याला तू त्याच्या तोंडाकडं बघितलंस. मी बघत व्हतो."

"दादा, गप्प बसा जरा."

इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हाक मारली होती. त्याने ऐकलं की नाही कुणास ठाऊक, त्याचं पाचव्या बॉलबद्दल चालूच होतं. मी कॅप्टनला हाताने खूण केली, मला तिकडे पलीकडे पाठव म्हणून. त्याने तळहात दाखवला, तिथेच थांबा. संघात असलं की असं थांबावं लागतं. मी थांबलो, आणि डाव संपेपर्यंत त्या माणसाने माझ्या कानाशी लागून माझा एकेक बॉल मला पुन्हा टाकून दाखवला.